संवादकौशल्य प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलमध्येच शिकवा

महोदय,

संगणक आणि माहिती तंत्रज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांना ‘कम्युनिकेशन स्किल्स’ शिकवायची म्हणजे इंग्रजी सुधारायचे, मुलाखतीला नीटनेटके बसायला शिकवायचे आणि गटचर्चेत बोलते करायचे, अशी समजूत आपल्या महाविद्यालयांत पक्की बसली आहे. त्यामुळे हा विषय एक तर पहिल्या वर्षात उरकला जातो, नाही तर सातव्या सत्रात प्लेसमेंटच्या तोंडावर बाहेरचे प्रशिक्षक बोलावून तीन-चार दिवसांत संपवला जातो. मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या आराखड्यात तो दुसऱ्या आणि पाचव्या सत्रात विभागला आहे, ही त्यातल्या त्यात बरी मांडणी. पण तिथेही तो कोडपासून लांबच राहतो. अर्ज, इतिवृत्त, अहवालाचे प्रकार, संवादातील अडथळे हे सारे विद्यार्थी लिहितात, जर्नल तपासले जाते आणि विषय सुटतो. तोच विद्यार्थी चार जणांच्या गटात प्रकल्प करू लागतो तेव्हा आपल्या कोडमध्ये काय बिघडले आहे, हे त्याला सोबत्याला लिहून सांगता येत नाही.

आमचे म्हणणे असे आहे, की या विद्यार्थ्यांना संवाद शिकवायची जागा प्रोग्रॅमिंगचे प्रॅक्टिकल हीच आहे. तो त्या प्रॅक्टिकलच्या गुणांतून आणि ते प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकानेच शिकवायला हवा. भाषेच्या शिक्षकाने त्याला साथ द्यावी.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण या व्यवसायातल्या अपघातांत आहे. जुलै २०१२च्या अखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत नवे सॉफ्टवेअर आठपैकी सात सर्व्हरवर चढवले गेले, आठव्यावर जुनेच राहिले. १ ऑगस्टला बाजार साडेनऊला उघडणार होता. त्याआधी, आठ वाजल्यापासून, कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप ९७ ई-मेल पाठवले. ‘पॉवर पेग डिसेबल्ड’ अशी चूक त्यांत नोंदलेली होती (पॉवर पेग हा जुन्या सॉफ्टवेअरमधला वापरात नसलेला भाग). पण हे ई-मेल इशारा म्हणून रचलेलेच नव्हते, म्हणून ते येऊनही कोणी त्यांच्याकडे इशारा म्हणून पाहिले नाही. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झाले. अमेरिकी रोखे नियामकाच्या ऑक्टोबर २०१३च्या आदेशात हा क्रम नोंदलेला आहे. त्या ई-मेलांचा दोष भाषेचा नव्हता. ते कोणासाठी आहेत, बाब किती गंभीर आहे आणि वाचणाऱ्याने आता काय करायचे, हे त्यांतून कळत नव्हते.

त्याआधीचे, अधिक दुःखद उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. टेक्सासमधल्या दोन घटनांत पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले होते. त्या क्रमांकाचा अर्थ यंत्र चालवणाऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत दिलेला नव्हता आणि एक कळ दाबली की उपचार पुढे सुरू होत असे. पडद्यावरचा संदेश लिहिणे हे प्रोग्रॅमरचेच काम आहे. ते नीट झाले नाही तर कोण दगावू शकते, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कळायलाच हवे.

आता प्रत्यक्ष काय शिकवायचे, ते लिहितो.

सुरुवात बग रिपोर्टपासून, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीच्या लेखी नोंदीपासून करावी, कारण तो छोटा असतो, त्यात खोटेपणा लपत नाही आणि तो चांगला आहे की नाही हे लगेच तपासता येते. तिसऱ्या सत्रातल्या डेटा स्ट्रक्चर्सच्या किंवा ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला साधारण २० विद्यार्थ्यांची बॅच असते आणि दोन तास मिळतात. शिक्षकाने ग्रंथालयाच्या देवघेवीचा एक छोटा प्रोग्रॅम आधीच तयार ठेवावा आणि त्यात तीन-चार चुका मुद्दाम पेराव्यात. मुलांच्या जोड्या कराव्यात. अर्ध्या जोड्यांनी पहिल्या ४० मिनिटांत चूक शोधून तिचा रिपोर्ट लिहावा. मग तो कागद दुसऱ्या जोडीकडे जाईल. त्या जोडीने, वेगळ्या संगणकावर आणि लिहिणाऱ्यांशी एक शब्दही न बोलता, दहा मिनिटांत तीच चूक घडवून दाखवायची. दाखवता आली तर रिपोर्ट उत्तीर्ण. त्यानंतर भूमिका बदलायच्या. व्याकरणाचे गुण या टप्प्यावर देऊच नयेत.

‘दंड चुकीचा येतो’ हा नमुनेदार वाईट रिपोर्ट. चांगला रिपोर्ट असा असतो: ‘२८ जानेवारीला दिलेले पुस्तक ७ फेब्रुवारीला परत घेतले. मुदत ७ दिवस, दंड रोज २ रुपये. तीन दिवसांचे ६ रुपये यायला हवेत, पडद्यावर ० येतो. १० जानेवारीला देऊन २० जानेवारीला परत घेतल्यास ६ रुपये बरोबर येतात.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. महिना बदलला की हिशेब चुकतो, म्हणजे कोड पूर्ण तारखांऐवजी नुसते दिवसांचे आकडे वजा करत असणार, हे कोड न उघडताच दुरुस्त करणाऱ्याच्या लक्षात येते. एक चालणारे आणि एक न चालणारे उदाहरण शेजारी ठेवण्याची सवय लागली, की विद्यार्थी नुसता चांगला लिहू लागतो असे नाही, तो चांगला विचारही करू लागतो. संवाद आणि डीबगिंग वेगवेगळ्या खोल्यांत शिकवायच्या गोष्टी नाहीत, याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

रिपोर्ट कुठे फसतात, हेही ठरलेले आहे. पाहिलेले आणि तर्क केलेले एकत्र मिसळते: पडदा कोरा दिसला, एवढेच पाहिलेले असते, पण लिहिले जाते ‘डेटाबेसचे कनेक्शन तुटले’. मग दुरुस्त करणारा तासभर डेटाबेस तपासत बसतो. अपेक्षित उत्तर लिहायचे राहून जाते, तेव्हा वाचणाऱ्याला ही चूक आहे की मुद्दाम तसे केले आहे, हेच कळत नाही. एकाच रिपोर्टमध्ये दोन चुका लिहिल्या जातात. एक दुरुस्त होते आणि दुसरी तशीच राहून रिपोर्ट बंद होतो. प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, हे नसते. आणि सगळ्यांत जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो. एररचा मजकूर कॉपी करून चिकटवला तर तो शोधता येतो, फोटोतला येत नाही. पडद्यावरची मांडणी बिघडली असेल तरच चित्र लावावे, एवढा एक नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकावा.

याच्याच जोडीला मदत मागण्याचा संदेश शिकवावा. ‘सर, एरर येतोय’ असे लिहून उत्तराची वाट पाहणारे विद्यार्थी आपण वर्षानुवर्षे पाहतो आणि त्यांना रागावतो. पण असा संदेश कसा लिहायचा असतो, हे त्यांना कोणी शिकवलेलेच नसते. काय करायचे होते, काय केले, काय झाले, आतापर्यंत कोणते उपाय करून पाहिले, हे चारही भाग एकाच संदेशात आले पाहिजेत. बॅचच्या ग्रुपवर चार भाग नसलेल्या प्रश्नाला शिक्षकाने प्रेमाने पण ठामपणे ‘उरलेले भाग लिहा’ एवढेच उत्तर द्यावे. पुष्कळदा ते भाग लिहिता लिहिताच विद्यार्थ्याला आपली चूक सापडते.

चौथ्या सत्रापासून गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) वापरायला लावावे आणि कमिट संदेशाला, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायच्या टिपेला, गुण ठेवावेत. पहिली ओळ सुमारे ५० अक्षरांची, मग एक ओळ मोकळी, त्याखाली ७२ अक्षरांच्या ओळींत बदलाचे कारण, ही पद्धत जगभर रुळलेली आहे. पहिली ओळ आखूड ठेवण्याचे कारणही सांगावे: बदलांची यादी पाहताना तेवढीच दिसते. बदललेल्या ओळी गिट स्वतःच दाखवते. संदेशात त्या का बदलल्या हे हवे. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘चेंजेस डन’ असा इतिहास असलेला प्रकल्प सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाच्या हाती द्यावा आणि विचारावे: लॉगिनची पद्धत कोणत्या बदलात बदलली आणि का? उत्तर सापडत नाही, तेव्हा संदेश लिहिणाऱ्यांनाच त्याची गरज पटते. उपदेशाने हे होत नाही.

कोड रिव्ह्यूबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या कोडवर शेरे देण्याबद्दल, थोडक्यात. शेरा कोडवर असावा, लिहिणाऱ्यावर नको. सोबत कारण असावे. आणि हा बदल केल्याशिवाय कोड घेता येणार नाही की ही नुसती सूचना आहे, हे सुरुवातीलाच लिहावे. तिसरी गोष्ट राहिली की वाद होतात, कारण सूचनेला आदेश समजले जाते आणि आदेशाला सूचना.

मराठीचा प्रश्न इथे येतोच आणि तो भावनेचा नाही, कामाचा आहे. आपले विद्यार्थी उद्या ज्या प्रणाली लिहितील त्या वापरणारे लोक मराठी वाचतात. २०२१मध्ये राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या ॲपची कल्पना विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून द्यावी: शेतकरी बांधावर उभा आहे, ऊन मोबाइलवर पडले आहे, नेटवर्क येऊन-जाऊन आहे, गट क्रमांक टाकायचा आहे आणि पिकाचा फोटो काढायचा आहे. अशा ॲपसाठी चुकांचे दहा संदेश मराठीत लिहायला सांगावेत. पहिल्या फेरीत हमखास ‘अवैध इनपुट’ येते. दुसऱ्या फेरीत ते असे झाले पाहिजे: ‘हा गट क्रमांक या गावात सापडला नाही. सातबाऱ्यावरचा क्रमांक पाहून पुन्हा टाका.’ नेटवर्क नसतानाच्या संदेशात फोटो मोबाइलमध्ये सुरक्षित आहे की पुन्हा काढावा लागेल, हे आलेच पाहिजे, कारण उन्हात उभ्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो. कसोटी सोपी ठेवावी. संगणकाशी संबंध नसलेल्या घरातल्या व्यक्तीला संदेश वाचून दाखवायचा आणि विचारायचे, ‘आता तुम्ही काय कराल?’ उत्तर चुकले तर संदेश चुकला.

या प्रॅक्टिकलमध्ये एक तांत्रिक धडा आपोआप मिळतो. विद्यार्थी कोडमध्ये ‘अमुक मध्ये नोंद झाली’ असा साचा ठेवतात आणि ‘अमुक’च्या जागी गावाचे नाव घालतात. मग ‘पुणे मध्ये’, ‘सातारा मध्ये’ असे उमटते. मराठीत प्रत्यय लागताना नाम बदलते, पुण्यात, साताऱ्यात असे होते, आणि प्रत्येक गावाचे सामान्यरूप कोडने बनवणे अवघड आहे. म्हणून साचाच बदलायचा: ‘नोंद झाली. गाव: सातारा’. तसेच ‘जतन झाला’ हे एकच वाक्य सगळीकडे वापरता येत नाही. अर्ज जतन झाला, माहिती जतन झाली, छायाचित्र जतन झाले. प्रत्येक संदेश पूर्ण वाक्य म्हणून स्वतंत्र लिहावा लागतो, तुकडे जोडून चालत नाही. इंग्रजीत विचार करून शेवटी भाषांतर करणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. २०२१पासून पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठीतून अभ्यासक्रम सुरू झाला, त्याचे आम्हाला मोल वाटते. पण असे प्रॅक्टिकल केवळ मराठी माध्यमाच्या तुकडीपुरते राहू नये. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ते जास्त गरजेचे आहे.

तोंडी सादरीकरणाकडे वळू. इथे वेळेचे गणित कोणी करत नाही. २० जणांना प्रत्येकी पाच मिनिटे बोलणे आणि तीन मिनिटे प्रश्न धरले तर १६० मिनिटे होतात. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये ते बसत नाही, म्हणून शेवटच्या आठ-दहा जणांना दोन-दोन मिनिटांत गुंडाळले जाते. एका दिवशी दहाच विद्यार्थी घ्यावेत. ८० मिनिटे सादरीकरणाला आणि ४० मिनिटे प्रतिसादाला, असे दोन आठवडे. ऐकणाऱ्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर ‘मला काय समजले’ ते एका वाक्यात लिहून बोलणाऱ्याला द्यावे. आपण सांगितले एक आणि बाकीच्यांनी ऐकले दुसरेच, हे चिठ्ठ्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके शिक्षकाच्या शेऱ्यातून दिसत नाही.

मांडणीबाबत दोन-तीनच गोष्टी धराव्यात. गटाची नावे आणि विषयसूची यांवर पहिली दोन मिनिटे घालवू नयेत; चालणारा प्रोग्रॅम पहिल्या मिनिटातच दाखवावा. स्लाइडवर कोड असेल तर दहा ओळींहून जास्त नको, अक्षरे २४ पॉइंटांहून लहान नकोत, आणि टर्मिनलचा काळा पडदा प्रोजेक्टरवर उजेडात दिसत नाही, म्हणून पार्श्वभूमी पांढरी करावी. डेमोचे रेकॉर्डिंग सोबत ठेवावे, कारण महाविद्यालयाचे वाय-फाय नेमके तेव्हाच जाते. चौघांच्या गटात प्रत्येकाने स्वतःचा पाठ केलेला तुकडा म्हणायचा आणि प्रश्न आला की दुसऱ्याकडे पाहायचे, हे टाळायचे असेल तर प्रश्न कोणी घ्यायचा हे शिक्षकाने चिठ्ठी काढून ठरवावे.

पहिल्या फेरीत विद्यार्थ्याला मराठीत किंवा हिंदीत बोलू द्यावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे. गावाकडून, मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुले इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसतात आणि त्यांना विषयच कळलेला नाही असे परीक्षक समजतात. आधी मराठीत मुद्दे जुळवून बोलले, प्रश्नांना उत्तरे दिली, की तोच मजकूर पुढच्या आठवड्यात इंग्रजीत मांडणे त्यांना जमते, कारण काय बोलायचे हे तोवर ठरलेले असते. इंग्रजी नोकरीसाठी हवी आहे, याबद्दल दुमत नाही. पण उच्चार घासूनपुसून काढण्यावर तास घालवू नयेत. हळू बोलणे, वाक्य पूर्ण करणे आणि आकडा दोनदा सांगणे यांचा उपयोग जास्त होतो.

गुणांचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण सारे त्यावरच अडते. प्रॅक्टिकलच्या २५ गुणांच्या टर्मवर्कमध्ये (सत्रभरातल्या कामाच्या अंतर्गत गुणांत) पाच गुण लिहून किंवा बोलून समजावण्याला द्यावेत, आणि हे तिसऱ्यापासून आठव्या सत्रापर्यंत प्रत्येक प्रोग्रॅमिंगच्या विषयात करावे. पाच गुण म्हणजे कोणी नापास होणार नाही, पण दुर्लक्षही करता येणार नाही. शिक्षकावरचा भार मात्र प्रामाणिकपणे मोजायला हवा. ६० विद्यार्थ्यांचा प्रत्येकी एक रिपोर्ट तीन मिनिटांत तपासला तरी तीन तास लागतात. दर आठवड्याला हे शक्य नाही. म्हणून सत्रात चारच लेखी कामे शिक्षकाने तपासावीत आणि बाकीची विद्यार्थ्यांनी एकमेकांची, वर सांगितलेल्या ‘करून दाखवा’ पद्धतीने. सत्रातल्या दोन प्रॅक्टिकलना इंग्रजीच्या शिक्षकाने सोबत बसावे. आज त्यांतले अनेक जण तासिका तत्त्वावर काम करतात, त्यांच्या वाट्याला अनेक तुकड्या येतात आणि कोडमध्ये काय चालले आहे हे त्यांना कोणी दाखवत नाही. त्यांना या दोन प्रॅक्टिकलांचे मानधन मिळाले पाहिजे.

चॅटजीपीटी आल्यापासून अहवालाच्या भाषेवर गुण देणे निरर्थक झाले आहे. सफाईदार परिच्छेद कोणालाही मिळतो. पण त्या यंत्राने आपल्या प्रयोगशाळेतला प्रोग्रॅम चालवून पाहिलेला नसतो. रिपोर्टमध्ये दिलेल्या पायऱ्यांनी चूक घडली नाही, तर भाषा कितीही छान असो, गुण नाहीत. म्हणूनही वाचणाऱ्याला काम करता आले का, हीच कसोटी टिकणारी आहे. अंतिम वर्षाच्या ब्लॅक बुकलाही, म्हणजे प्रकल्पाच्या बांधीव अहवालालाही, ती लावावी. जावा म्हणजे काय, पायथन म्हणजे काय, याची पाने वगळून, नव्या माणसाला हा प्रकल्प अर्ध्या तासात आपल्या संगणकावर चालवता येईल असे दोन पानांचे रीडमी बंधनकारक करावे, आणि बाह्य परीक्षकासमोर कनिष्ठ वर्गातल्या एका विद्यार्थ्याने ते वाचून प्रकल्प चालवून दाखवावा.

एनबीए या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मूल्यांकन करून मान्यता देणाऱ्या मंडळाच्या बारा फलितांच्या (विद्यार्थ्याला काय यायला हवे याच्या) यादीत संवाद दहाव्या क्रमांकावर होता. यादी बदलली तरी तो कायम आहे. आपण त्या रकान्यात एक, दोन, तीन असे आकडे भरतो आणि संवादाच्या पेपरच्या गुणांवरून ते साध्य झाल्याचे दाखवतो. वर सांगितलेले रिपोर्ट, कमिटचा इतिहास आणि चिठ्ठ्या जपून ठेवल्या तर तपासणी समितीला दाखवायला खरा पुरावाही मिळेल.

यासाठी अभ्यास मंडळाच्या नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या विभागांत टर्मवर्कची अंतर्गत विभागणी शिक्षकाच्या हाती आहे, तिथे येत्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्सच्या दोन प्रॅक्टिकलांपासून सुरुवात करता येईल. अभ्यास मंडळांनी पुढच्या फेररचनेत एवढे करावे: संवादाच्या स्वतंत्र पेपरचे निम्मे तास प्रॅक्टिकलकडे वळवावेत आणि पाच गुणांची ही अट नियमात लिहावी.

आपले,
संगणक अभियांत्रिकी व इंग्रजी विभागांतील काही अध्यापक, पुणे